लूमच्या आवाजासकट सीताबाई

भिंतीला गोधड्या टांगायची कल्पना धनेशची. जाड कापड आवाज गिळतं, असं त्याने फोनवर कुठेतरी वाचलं होतं. म्हणून त्या रविवारी सकाळी सीताबाईंच्या या मुलाने मधल्या खोलीच्या भिंतीत खिळे ठोकले, घरात होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या त्यांवर अडकवल्या, खिडकीच्या फटीत जुनी साडी कोंबली, पंखा बंद केला आणि आईला खुर्चीवर बसवून म्हणाला, आता बोल.

भिंतीपलीकडे लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा गाळा होता आणि तो चालू होता. गोधड्या खिळ्यांवर थरथरत होत्या.

भिवंडीजवळच्या शेलारमध्ये याचं कुणाला नवल वाटत नाही. सीताबाई भोईर लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा मागे भाताचं खाचर होतं. थोरल्या दिरांनी ते भरून त्यावर गाळे बांधले, गाळ्यांत लूम आले आणि घराची मागची भिंत तीच कारखान्याची भिंत झाली. नवरा काळूराम त्याच गाळ्यात जॉबर म्हणून लागला, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करायला. सीताबाई तिथेच कांड्या भरू लागल्या. धोट्यात बसणाऱ्या लहानशा नळीवर सूत गुंडाळायचं, एवढंच ते काम. बसून करायचं, पण लूमच्या कुशीत बसून. तिथे दुसऱ्याशी बोलायचं तर दोनच मार्ग होते. हातवारे करायचे, नाहीतर बेंबीच्या देठापासून बोलायचं. काळूरामने हातवारे पत्करले. आता त्याचे दोन्ही कान जवळजवळ गेले आहेत आणि घरातही तो हातानेच चहा मागतो. सीताबाईंनी दुसरा मार्ग धरला. मुलांना हाक, दूधवाल्याची खरडपट्टी, देवाची आरती, सगळं एकाच पट्टीत. गुडघ्यांमुळे कांड्यांचं काम सुटलं, पट्टी सुटली नाही. सुटणार तरी कशी, भिंत तिथेच होती.

मुलगी हेमाली त्याच भिंतीला लागून झोळीत वाढली. लूमच्या खडखडाटात ती ढिम्म झोपायची. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी असते. लूम थांबले की ही दचकून जागी व्हायची आणि दिवसभर किरकिर करायची. मग सीताबाई पत्र्याच्या डब्यावर लाटणं आपटत बसायच्या, तेव्हा कुठे डोळा लागायचा तिचा.

त्या हेमालीला आता सातवा लागत होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज सीताबाईंच्या सासरी आणि माहेरी दोन्हीकडे कधी कुणी मोडला नव्हता. त्यांनी बाळंतविड्याचं सामान आणून ठेवलं होतं. झोळीची जुनी साडी धुऊन वाळवून घडी केली होती. आणि शनिवारी पेणहून हेमालीचा फोन आला की सासूबाई पाठवायला कां-कूं करताहेत.

हेमालीच्या सासूबाई म्हणजे सीताबाईंच्या विहीणबाई. मऊ बोलणारी बाई. पेणला त्यांचं घर तळ्यामागच्या गल्लीत, जिथे नारळाची झावळी पडली तरी दहा घरांना ऐकू जाते. सीताबाईंचा फोन आला की मागे गिरणी चालल्यासारखं ऐकू येतं, अशा जागेत तान्ह्या बाळाच्या कानांचं काय होणार, असं त्यांचं म्हणणं होतं. शिवाय सोमवारी दवाखान्यात नाव घालायचं होतं, पेणला की भिवंडीला ते तोवर ठरायला हवं. हेमालीने आपल्या मते तोड काढली होती. आईने व्हिडिओ करावा, खोली दाखवावी, विहीणबाईंना रीतसर आमंत्रण द्यावं. फक्त मागचा आवाज येऊ देऊ नये.

आवाज येऊ देऊ नको म्हणे. जसा काही तो सीताबाईंच्या कमरेच्या बटव्यात होता आणि वाटेल तेव्हा नाडी ओढून बंद करता येत होता. लेक याच भिंतीला टेकून पाढे शिकली आणि दोन वर्षं पेणचं पाणी प्याल्यावर तिला आईच्या घरचा आवाज नको झाला. सीताबाईंनी त्या संध्याकाळी घासलेली भांडी पुन्हा घासायला काढली. पण लेक यायला हवी होती. म्हणून रविवारी त्या मुकाट्याने खुर्चीवर बसल्या.

पहिल्या खेपेला आवाजात त्यांचं बोलणं बुडून गेलं. धनेशने फोन तोंडाजवळ आणला तर त्या मागे सरकल्या, चेहऱ्याला एवढं कुणी खेटतं का म्हणून. मग त्याने इअरफोनची वायर पदराला पिनेने लावली. त्यात मंगळसूत्राचे मणी खुळखुळले. मंगळसूत्र काढ म्हणाला, त्यावर सीताबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो दुसऱ्या उपायाकडे वळला. आईला आणि फोनला मिळून एका गोधडीखाली घेतलं. आतून घामाने थबथबलेल्या सीताबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या की विहिणीला आमंत्रण द्यायचंय, देवी आल्यासारखं पांघरुणात बसायचं नाहीये. काळूराम दारात उभा राहून हे सगळं पाहत होता. त्याने हाताने विचारलं, काय चाललंय? सीताबाईंनी हातानेच सांगितलं, डोकं फिरलंय तुझ्या पोराचं.

गाळेवाल्याला जरा वेळ लूम बंद ठेवायला सांगावं, असंही धनेश म्हणून पाहून आला. शिफ्ट चालू असताना कोण बंद करणार? दिरांनी तर वरून सुनावलं की घरगुती भानगडीसाठी कारखाने थांबायला लागले तर झालंच.

शेवटी धनेशने फोनवर एक अॅप उतरवलं. काल्हेरच्या गोदामात तो सुपरवायझर होता आणि तिथल्या एका पोराने त्याला ते सांगितलं होतं. जसं होईल तसं बोल, मशिनींचा आवाज मागून पुसता येतो, म्हणाला. सीताबाई बोलल्या. लूमच्या आवाजावर चढून बोलल्या, जसं रोज बोलतात. ही खोली, हा पलंग, इथं झोळी बांधू, विहीणबाई, तुम्ही काळजी करू नका, लेकीला सुखरूप पाठवा. धनेशने बटण दाबलं, फोनने थोडा वेळ घेतला आणि झालं. मग दोघांनी ते लावून पाहिलं. त्याच खोलीत, त्याच भिंतीशी, लूम चालू असताना. छान वाटलं. सीताबाईंना आपला आवाज उलट जरा बारीकच वाटला. पाठव, म्हणाल्या.

पेणला तो व्हिडिओ जावयाने, विशालने, हौसेने टीव्हीला जोडला. सगळं घर हॉलमध्ये बसून पाहत होतं.

सोमवारी हेमालीचा फोन आला तो रडतच. सासूबाईंनी काही वेडंवाकडं केलं नव्हतं. फक्त व्हिडिओ संपल्यावर टीव्हीचा आवाज कमी करत त्या विशालला म्हणाल्या होत्या, "आमंत्रण देतायत की दम देतायत?" आणि मग, एवढ्या शांत घरात जी बाई अशी ओरडते ती तान्ह्या पोराशी कशी बोलत असेल, हेही म्हणाल्या होत्या. नाव पेणच्या दवाखान्यात घातलं होतं.

"मग तू सांगितलं न्हाय, घर शांत न्हाय म्हणून?" सीताबाईंनी विचारलं.

"ते सांगितलं तर पाठवणारच नाहीत, आई."

"आन न्हाय सांगितला तर पाठवतात काय?"

 हेमाली एवढंच म्हणाली की आई, तुला जरा हळू नसतं का बोलता आलं. सीताबाईंनी फोन ठेवला. ठेवला म्हणजे पलंगावर आपटला. संध्याकाळी धनेश कामावरून आला तो थेट त्यांच्या तडाख्यात सापडला. मशिनींचा आवाज काढलास आणि माझा ठेवलास, अकलेच्या कांद्या, उलटं करायचं होतंस. धनेश म्हणाला की अॅपने त्याचं काम बरोबर केलं. मग तर त्या आणखीच भडकल्या. बरोबर केलं असेल तर विहिणीला दम कुणी दिला? चार दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. गोधड्या भिंतीवरच राहिल्या. काढायला सांगायचं म्हणजे धनेशशी बोलावं लागलं असतं.

शुक्रवार उजाडला आणि लूम थांबले. ज्यांनी हे अनुभवलेलं नाही त्यांना ते कळायचं नाही. आधी आपल्याच कानात काहीतरी बिघडलंय असं वाटतं. मग हळूहळू कावळा ऐकू येतो, शेजारचा नळ ऐकू येतो, भिंतीवरचं घड्याळही चालतं हे लक्षात येतं. धनेश न्हाणीत होता. त्याचा फोन पलंगावर होता. सीताबाईंना चार दिवस एक गोष्ट टोचत होती, की असं काय बोललो आपण? त्यांनी फोन घेतला आणि तो व्हिडिओ लावला.

खोलीत एक बाई किंचाळत होती.

सीताबाईंनी दचकून फोन लांब धरला. पडद्यावर त्याच होत्या, अंगावर सणाची साडी, मागे गोधड्या. पण मागे चिटपाखरू नव्हतं, आणि त्या शांततेत ही बाई मानेच्या शिरा ताणून, डोळे वटारून, तुम्ही काळजी करू नका म्हणत होती. लेकीला सुखरूप पाठवा, हे शब्द तर असे आले की न पाठवली तर पेणला माणसं येतील. मधेच शब्दांची शेपटं तुटत होती, त्याने ते आणखी तुसडं वाटत होतं. त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा तीच बाई. विहीणबाईंच्या जागी आपण असतो तर आपणही पोर पाठवली नसती, असा विचार मनात आला आणि त्याचा त्यांना संताप आला.

आणि मग त्यांना तो दुसरा शुक्रवार आठवला.

हेमालीला बघायला पेणची मंडळी आली, तो वार घरच्यांनी मुद्दाम शुक्रवार ठरवला होता. दीरच म्हणाले होते, लूम बंद असतात, घर चांगलं दिसेल. सगळ्यांना ते पटलं होतं. घर खरंच चांगलं दिसलं. विहीणबाई म्हणाल्याही होत्या, किती शांत आहे हो तुमच्याकडे. सीताबाईंनी आनंदाने पोह्यांची बशी पुढे केली, घ्या म्हणाल्या, आणि विहीणबाईंच्या हातातला कप बशीत हिंदकळला. लाजल्या असतील, असं तेव्हा वाटलं होतं. पेणच्या बाईसमोर त्या दिवशी एक अख्खी दुपार सीताबाई अशाच बोलल्या होत्या. पोहे घ्या, बसा आरामात, आमची हेमाली गुणाची हाय. सगळं याच आवाजात. लूमला सुट्टी दिली होती, गळ्याला सुट्टी द्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

दोन वेळा तेच केलं होतं. दोन्ही वेळा कारखाना लपवला आणि उघडी पडली ती बाई.

धनेश न्हाणीतून डोकं पुसत आला आणि आईच्या हातात फोन बघून समजूत घालायच्या सुरात म्हणाला की आज शांत आहे, आज पुन्हा करू, तू फक्त हळू बोल.

"आज न्हाय," सीताबाई म्हणाल्या. "उद्या करू. मशिनी चालू झाल्या की."

धनेशला वाटलं, रागाने बोलतेय. रागाने तर होतंच.

शनिवारी सकाळी लूम सुरू झाले. सीताबाईंनी चहा आटोपला, घरातलीच साडी ठेवली, भिंतीवरच्या गोधड्या ओढून काढल्या आणि फोन स्वतःच्या हातात घेतला. कुठलं बटण एवढंच विचारलं. मग मागच्या दाराने निघून त्या गाळ्यात शिरल्या. काळूराम मागोमाग गेला. कापसाच्या तुसाने भरलेल्या हवेत लूम दणदणत होते. एका कारागिराने मान वळवून पाहिलं आणि कानाशी येऊन ओरडला, "चाची, रील बना रही हो क्या?" सीताबाई म्हणाल्या, "हां, अपना काम कर, तू भी दिखेगा." त्याने केसांवरून हात फिरवला.

त्यांनी फोन लूमच्या दिशेने धरला आणि काही बोलल्या नाहीत. नुसता धरून ठेवला, हात दुखेपर्यंत. मग स्वतःकडे वळवला.

"विहीणबाई, मी सीता. हे ऐकलंत? हे आमच्या घरामागं रोज चालतंय. तुम्ही पोरगी बघाया आलात तवा शुक्रवार होता, बंद होतं. मागल्या व्हिडिओत माझ्या पोरानं ते पुसलं. आज कायच पुसलेलं न्हाय. मी इथं काम केलंय. इथं हळू बोललं तर नवऱ्यालाबी ऐकू जात न्हाय. हा बघा नवरा, त्याला आता तसंबी जात न्हाय."

काळूरामला काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण फोन आपल्याकडे वळलाय हे पाहून त्याने हात जोडले.

सीताबाई चालू लागल्या. फोन चालूच. मागचं दार, मग मधली खोली, जिथे भिंतीत नुसते खिळे उरले होते. "हितं हेमालीची झोळी होती. हितं आता बांधणार न्हाय," त्या म्हणाल्या. काळूरामच्या कानांकडे पाहून त्यांनी ते मनाशी केव्हाच ठरवलं होतं, पण मऊ बोलणाऱ्या बाईने शिकवावं आणि आपण ऐकावं हे त्यांना सहन होत नव्हतं, म्हणून इतके दिवस कुणाला बोलल्या नव्हत्या. त्यांनी मधलं दार लावून घेतलं. आवाज अर्धा झाला. पडवी ओलांडून रस्त्याकडच्या खोलीत आल्या आणि तेही दार लावलं. आता लूम होते, पण लांबून ऐकू यावेत तसे, शेजारी कुणी जातं फिरवतंय एवढे. सीताबाईंनी पुन्हा फोन नुसता धरून ठेवला, तेवढाच वेळ. बाहेर रिक्षा गेली. ती गेली तरी त्यांनी थांबवलं नाही.

"एवढा येतो हितं. तुमच्या कानानं ऐका आन ठरवा. माझी लेक अन तिचं पोर या खोलीत राहील. मी दम देत न्हाय कुणाला. माझा आवाज असाच हाय, अन तो या मशिनींनी केलाय. त्यांना पुसून नुसती मना दाखवली तर मी भांडखोरच दिसणार."

बोलता बोलता त्यांचं त्यांनाच कळलं, की या खोलीत एवढं मोठ्याने बोलायची गरज नाही. त्यांनी आवाज उतरवायचा प्रयत्न केला. तो फाटला, खरखरला, मधेच गेला. "बघा," त्या म्हणाल्या, "खाली येत न्हाय. शिकते." आणि बटण दाबलं.

धनेश दारातच होता. मधला रिक्षाचा तेवढा भाग कापतो, म्हणाला. आणि ते शुक्रवारचं बोलणं, तेही काढलं तर बरं. सीताबाईंनी फोन छातीशी धरला. काही कापायचं नाही. रिक्षासुद्धा नाही. त्याच्याकडून त्यांनी पाठवायचं बटण तेवढं दाखवून घेतलं आणि दोन खुणा निळ्या होईपर्यंत फोन हातातून सोडला नाही.

रविवार कोरडा गेला. हेमालीनेही फोन केला नाही. सीताबाईंनी पेणच्या बाईला मनातल्या मनात काय काय ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. बाळंतविड्याची पिशवी त्यांनी फळीवरून खाली काढली, पेणला पाठवून द्यायची म्हणून गाठ मारली, आणि गाठ नीट बसली नाही म्हणून पुन्हा सोडली.

सोमवारी दुपारी फोन वाजला. विहीणबाई स्वतः. लग्नानंतर त्यांनी स्वतःहून कधी फोन केला नव्हता. सीताबाई तेव्हा मधल्या खोलीत, भिंतीशी होत्या. कानाला लावला आणि पटकन लांब धरला. पलीकडून ती मऊ बोलणारी बाई जिवाच्या आकांताने ओरडत होती.

"वहिनी, ऐकू येतंय का? मी हेमालीची सासू बोलतेय. ऐकू येतंय का?"

"येतंय," सीताबाई म्हणाल्या.

विहीणबाईंना ते ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. त्या त्याच वरच्या पट्टीत बोलत राहिल्या. व्हिडिओ त्यांनी कितीदा तरी ऐकला होता. सीताबाई रस्त्याकडच्या खोलीत येतात तो भाग तर टीव्हीचा आवाज वाढवून ऐकला होता. नाव भिवंडीच्या दवाखान्यात हलवू. सातवा भरला की हेमालीला घेऊन त्या स्वतः येणार होत्या, आणि दोन रात्री राहून खोली बघणार होत्या. मात्र शुक्रवारी येणार नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पुढे बाळ झाल्यावर ते दचकतंय असं दिसलं तर दुसऱ्या दिवशी दोघांना घेऊन जाणार, हेही सांगितलं.

सीताबाईंना शेवटचं वाक्य झोंबलं. आमची पोर याच आवाजात मोठी झाली, असं काहीतरी ओठावर आलं होतं. पण त्या म्हणाल्या, "या. मशिनी चालू असतील तवाच या." आणि फोन ठेवला. या वेळी हळू ठेवला.

काळूराम पलंगावर बसून त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. कुणाचा फोन, त्याने हाताने विचारलं.

सीताबाईंनी बाळंतविड्याची पिशवी उचलून पुन्हा फळीवर टाकली. अजून रागातच होत्या.

"पेणच्या विहिणीचा," त्या म्हणाल्या. "केवढी ओरडते ती बाई."